जुन्या पीसीत विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

लक्षणं

खालच्यापैकी एखादी गोष्ट तुमच्या मशीनवर होत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) डिस्कच्या नावाच्या जागी 'नॉट डिटेक्टेड' किंवा 'नन' दिसतं.
- बायोसला डिस्क दिसते, पण विंडोजच्या सेटअपमध्ये 'कुठे टाकायचं' या पडद्यावरची यादी रिकामी असते आणि तो ड्रायव्हर मागत बसतो.
- यादीत डिस्क आहे, पण 'नेक्स्ट'चं बटण फिकट आहे आणि खाली 'विंडोज कॅनॉट बी इन्स्टॉल्ड टू धिस डिस्क' असं लिहून येतं.
- इन्स्टॉल शंभर टक्के झालं, रीस्टार्ट केलं, आणि काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'.
- काही दिवस सगळं छान चाललं आणि एका सकाळी निळा पडदा: 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'.
- ३ टीबीची डिस्क लावली आणि ती ७४६ जीबीच दिसते.

हे सगळं 'ही डिस्क या मशीनला सपोर्ट करत नाही' या एकाच वाक्यात गुंडाळलं जातं आणि नवीन डिस्क आणली जाते. नव्या डिस्कलाही तेच होतं. माझ्याकडे अशा मशीन सतत येतात. शाळेच्या लॅबमधले पीसी, झेरॉक्सच्या दुकानातले, डीटीपीवाल्यांचे, टॅलीवर चालणारे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून त्यांत भरच पडली आहे, कारण आता अनेक जण जुन्या मशीनमध्ये एसएसडी घालून लिनक्स टाकू पाहतात. यातल्या बहुतेक मशीनची डिस्क ठणठणीत असते.

म्हणून पहिला प्रश्न हा: डिस्क नेमकी कुठे हरवते? बायोसलाच दिसत नाही, की बायोसला दिसते पण सेटअपला नाही, की दोघांनाही दिसते पण तिच्यावरून मशीन सुरू होत नाही? पहिल्या प्रकारात केबल, पॉवर, पोर्ट किंवा डिस्क बघायची. दुसऱ्यात कंट्रोलरचा, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या बोर्डवरच्या चिपचा, मोड आणि ड्रायव्हर. तिसऱ्यात पार्टिशनची पद्धत आणि बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. बायोसलाच न दिसणाऱ्या डिस्कसाठी ड्रायव्हर शोधणं किंवा बूट होत नाही म्हणून केबल बदलणं यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

काहीही करण्याआधी जुन्या डिस्कवरचा डेटा दुसरीकडे उतरवून घ्या. पुढच्या काही पायऱ्यांत डिस्क पूर्ण पुसली जाते. डिस्क खट-खट वाजत असेल तर इथेच थांबा आणि थेट शेवटच्या भागात जा.

१. बायोसमधली तारीख बघा

फुकट आणि अर्ध्या मिनिटाचं काम. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि पहिल्या पानावरची तारीख वाचा. तिथे आजची तारीख नसून मशीन बनलं त्या सुमाराच्या एखाद्या वर्षाची १ जानेवारी असेल, तर बोर्डवरचा सेल संपला आहे.

डिस्क न दिसण्याशी सेलचा काय संबंध? सेल संपला की बायोसची सगळी सेटिंग कंपनीने ठेवलेल्या मूळ जागी परत जातात. त्यात डिस्कच्या कंट्रोलरचा मोडही आला. तुम्ही एएचसीआय या नव्या मोडमध्ये विंडोज टाकलंत आणि बायोस परत आयडीई या जुन्या मोडवर गेला, तर विंडोजला आपलीच डिस्क वाचता येत नाही आणि निळा पडदा येतो. 'दर थोड्या दिवसांनी विंडोज उडतं' या तक्रारीमागे फार वेळा हेच असतं. दिवसभर प्लग चालू असेल तर एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, स्टँडबाय विजेवर सेटिंग टिकतात, म्हणून दोष लपतो. संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करून जाणाऱ्या ऑफिसात आणि लोडशेडिंगच्या गावात तो सकाळी उघडा पडतो. मशीन 'सकाळीच' बिघडतं असं कोणी सांगितलं की मी आधी सेल बघतो.

सेल सीआर२०३२ नावाचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, वीस-पन्नास रुपयांत. बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग सेल काढा. अधिकची बाजू वर. मल्टीमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला सरळ बदलावा.

निळा पडदा येत असेल तर सेल बदलल्यावर लगेच फॉरमॅट मारू नका. मोड पूर्वी होता तिथे परत ठेवा आणि मशीन सुरू करून बघा. बहुतेकदा जुनं विंडोज जसंच्या तसं उघडतं.

२. केबल, पोर्ट, पॉवर

बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर कॅबिनेट उघडा. सॅटाच्या, म्हणजे डिस्क बोर्डला जोडणाऱ्या, जुन्या केबलना टोकाला पत्र्याची क्लिप नसते. त्या धुळीने आणि पंख्याच्या थरथरीने सैल होतात. केबल काढून परत बसवा, मग बदलून बघा, मग पोर्ट बदला.

पोर्ट बदलण्याला आणखी एक कारण आहे. काही बोर्डांवर एक-दोन पोर्ट वेगळ्या रंगाचे असतात आणि ते मुख्य चिपसेटचे नसून दुसऱ्या कंपनीच्या जोडचिपचे असतात. त्या चिपचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो आणि काही बायोस तिच्यावरून बूटही करत नाहीत. डिस्क नेहमी चिपसेटच्या पहिल्या पोर्टला लावा. बोर्डवर बारीक अक्षरांत 'सॅटा ०' किंवा 'सॅटा १' छापलेलं असतं.

२०११ च्या सुरुवातीचा इंटेलच्या सहा सिरीजचा बोर्ड असेल तर एक माहिती हवी. त्या चिपसेटच्या पहिल्या आवृत्तीत ३ गिगाबिटचे पोर्ट काळाबरोबर कमजोर होण्याचा दोष होता. इंटेलने ३१ जानेवारी २०११ ला तो जाहीर केला आणि पुढे बी३ आवृत्तीत दुरुस्त केला. असा बोर्ड हाती आला आणि त्यावर ६ गिगाबिटचे पोर्ट असले, तर डिस्क तिथेच लावायची, कारण दोष त्यांच्यात नव्हता.

पॉवरचं म्हणाल तर चार पिनांच्या जुन्या प्लगवरून सॅटा करणारे स्वस्त कन्व्हर्टर नीट बघा. ज्यांचं प्लास्टिक तारांवर ओतून घट्ट केलेलं असतं, ते आतल्या आत शॉर्ट होऊन जळू शकतात. कनेक्टर पिवळा-काळा पडला असेल तर फेकून द्या, सांधू नका. उलट सर्व्हरमधून निघालेली सेकंडहँड डिस्क फिरतच नसेल, तर तिला बंद ठेवण्याचा इशारा पॉवरच्या तिसऱ्या पिनवरच्या ३.३ व्होल्टमधून मिळत असू शकतो. तिथे मात्र हाच कन्व्हर्टर, पण चांगल्या बनावटीचा, उपयोगी पडतो, कारण त्यातून ३.३ व्होल्ट येतच नाहीत.

यानंतरही दिसली नाही तर ती डिस्क दुसऱ्या चालू मशीनला लावा. तिथेही नाही दिसली तर डिस्क गेली. तिथे दिसली तर दोष तुमच्या बोर्डचा. व्हायाच्या व्हीटी८२३७ सारख्या पहिल्या पिढीच्या सॅटा चिपना नव्या डिस्कशी वेग जुळवता येत नाही. जुन्या हार्ड डिस्कना वेग १.५ गिगाबिटवर आणणारा जंपर असायचा, एसएसडीला तो नसतो. अशा बोर्डवर पैसे घालू नका.

३. आयडीई, एएचसीआय, रेड

बायोसला दिसते आणि सेटअपला नाही, तर आधी हे तपासा. बायोसमध्ये 'सॅटा मोड' किंवा 'सॅटा कॉन्फिगरेशन' असं काहीतरी सापडेल.

विंडोज ७ आणि पुढच्यांसाठी एएचसीआय ठेवा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे. एक्सपीमध्ये तो नाही. कारखान्यातलं एखादं मशीन किंवा जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालत असेल, तर इन्स्टॉल करताना मोड आयडीईवर आणावा लागतो, नाहीतर सेटअप 'हार्ड डिस्क सापडली नाही' म्हणून थांबतो किंवा निळा पडतो.

जी३१ आणि जी४१ हे इंटेल चिपसेटचे बोर्ड आपल्याकडे खेड्यापाड्यांत अजून चालू आहेत. त्यांच्यातल्या साध्या आयसीएच७ चिपला एएचसीआय येतच नाही, त्यामुळे बायोसमध्ये तो पर्याय शोधत बसू नका आणि त्यासाठी बायोस अपडेटही करू नका. सॅटा एसएसडी तिथे आयडीई मोडमध्ये व्यवस्थित चालते आणि फरक लगेच जाणवतो. या बोर्डांवरचे कोअर टू ड्युओ विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर सुरूच होत नाहीत, कारण तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाही. रूफस या पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रामने टीपीएम या सुरक्षा चिपची अट वगळली तरी प्रोसेसर बदलत नाही. अशा मशीनवर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती, एक्सएफसीई, टाका.

लॅपटॉप आणि ब्रँडेड डेस्कटॉपवर मोड 'रेड' (अनेक डिस्क एकत्र जोडण्यासाठीचा) किंवा 'इंटेल आरएसटी' असा ठेवलेला असतो. लिनक्सला तिथे एनव्हीएमई डिस्क, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवरून चालणारी वेगवान एसएसडी, दिसत नाही. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत मोड रेडवरून एएचसीआयवर न्या, असा स्पष्ट सल्लाही येतो. नव्याने इन्स्टॉल करत असाल तर बिनधास्त एएचसीआय करा. आधीचं विंडोज १० ठेवायचं असेल तर मोड थेट बदलू नका. आधी एमएसकॉन्फिगमध्ये 'सेफ बूट'वर टिक करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग टिक काढा. सेफ मोडमध्ये विंडोज साठवणुकीचे सगळे मूलभूत ड्रायव्हर लोड करतं, म्हणून त्याला नवा कंट्रोलर ओळखता येतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

खरोखरच दोन डिस्क जोडून रेड केलेलं असेल तर या सेटिंगला हात लावू नका.

४. पेन ड्राइव्ह आणि पार्टिशनची पद्धत

'नेक्स्ट' फिकट असेल किंवा इन्स्टॉलनंतर बूट होत नसेल तर उत्तर इथे असतं.

जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवर पार्टिशनं नोंदवण्याच्या नव्या आणि जुन्या पद्धती; यूईएफआय आणि लेगसी हे मशीन बूट करण्याचे नवा आणि जुना मोड. विंडोज जीपीटी डिस्कवरून फक्त यूईएफआय मोडमध्ये सुरू होतं, आणि एमबीआर डिस्कवरून फक्त लेगसी मोडमध्ये. पेन ड्राइव्ह ज्या मोडमध्ये सुरू झाला त्याच मोडला साजेशी डिस्क सेटअप मागतो. एफ१२, एफ११ किंवा एफ८ दाबून बूट मेनू उघडा. एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसेल, एकदा पुढे 'यूईएफआय' लिहिलेला आणि एकदा नुसता. बोर्डला यूईएफआय असेल तर तो निवडा. २०१० च्या आधीच्या बहुतेक साध्या बोर्डांना यूईएफआय नसतं. तिथे रूफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवून पेन ड्राइव्ह नव्याने बनवा.

डिस्कची पद्धत बदलायची असेल तर सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. जीपीटी डिस्कच्या ओळीत शेवटी तारा दिसतो. आकारावरून आपली डिस्क ओळखा, सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक द्या, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी किंवा कन्व्हर्ट एमबीआर. क्लीन म्हटल्यावर डिस्कपार्ट काहीही विचारत नाही. एका क्षणात पार्टिशनं जातात. म्हणून इन्स्टॉल करताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबल मी काढूनच ठेवतो.

केबल काढण्याचं दुसरं कारणही तितकंच मोठं. दोन डिस्क लावलेल्या असतील तर विंडोज स्वतः नव्या एसएसडीवर जातं आणि बूटलोडर मात्र जुन्या हार्ड डिस्कवर टाकतं. महिन्याभराने जुनी डिस्क काढली की मशीन उठत नाही आणि दोष एसएसडीच्या माथी मारला जातो.

क्लीन करताना आय-ओ एरर येत असेल आणि डिस्क 'रीड ओन्ली' म्हणत असेल, तर ती एसएसडी झिजली आहे. वाचता येतंय तोवर डेटा उतरवा आणि ती बदला.

विंडोज ७ टाकताना 'ड्रायव्हर मिसिंग' आलं तर तो डिस्कचाच ड्रायव्हर मागतोय असं धरून चालू नका. पेन ड्राइव्ह निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये असेल तर विंडोज ७ ला तो पोर्टच कळत नाही. काळ्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावा.

मोठ्या डिस्कचं थोडक्यात: एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरने २.२ टीबीच्या पुढे जाता येत नाही. जुन्या ड्रायव्हरला ३ टीबीची डिस्क दिली की तो मर्यादेच्या पलीकडचा उरलेला भागच मोजतो, म्हणून ते ७४६ जीबी. लहान एसएसडीवर विंडोज टाका, नवा ड्रायव्हर घाला आणि मोठी डिस्क जीपीटी करून फक्त डेटासाठी वापरा. लेगसी मशीनवरही विंडोज ७ आणि १० ला हे चालतं.

५. एनव्हीएमई: बहुतेकांचं अडतं ते इथे

इंटेलच्या एच६१ चिपसेटचा बोर्ड, वर आय३ किंवा आय५, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळालेली एम.२ एसएसडी, सोबत पीसीआय एक्सप्रेसचं अडॅप्टर कार्ड. बायोसला काही दिसत नाही. सेटअपला मात्र डिस्क दिसते. इन्स्टॉल होतं, बूट होत नाही.

कारण सरळ आहे. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती मार्च २०११ मध्ये आली; एच६१ त्याच वर्षीचा. त्या बायोसमध्ये एनव्हीएमई वाचणारा भागच नाही. साधारण २०१४ च्या नऊ सिरीजच्या बोर्डांपासून अशा डिस्कवरून बूट करण्याची सोय येऊ लागली. विंडोज ८.१ पासूनच्या विंडोजना आणि २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून लिनक्स कर्नेलला एनव्हीएमई कळतं, म्हणून सेटअपला डिस्क दिसते आणि आशा वाटत राहते.

आधी लेबल वाचून डिस्क एनव्हीएमईच आहे याची खात्री करा. एम.२ आकारात सॅटा एसएसडीही येते. तिला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक, पण खाचांवर विसंबू नका. सॅटावाली एम.२ या पीसीआय एक्सप्रेस अडॅप्टरवर कधीच दिसणार नाही. तिला सॅटाची केबल लागणारं अडॅप्टर हवं.

माझं मत विचाराल तर एच६१ वर एनव्हीएमई लावू नका. डिस्क परत देऊन अडीच इंची सॅटा एसएसडी घ्या. ग्राफिक्स कार्डाने मोठा स्लॉट अडवला असेल तर उरतो एक्स१ स्लॉट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५०० एमबी. सॅटाचा ३ गिगाबिटचा पोर्ट ३०० एमबीपर्यंत देतो. रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही. मशीन झटपट वाटतं ते हार्ड डिस्कची फिरती चकती गेल्यामुळे.

डिस्क परत करता येत नसेल तर दोन मार्ग आहेत. लिनक्स टाकणार असाल तर बूट हे पार्टिशन एखाद्या लहान सॅटा डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा आणि रूट, म्हणजे बाकीची सिस्टिम, एनव्हीएमईवर. बायोसला फक्त ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) आणि कर्नेलपर्यंत पोचायचं असतं. पुढे कर्नेल स्वतः एनव्हीएमई वाचतो. हा मार्ग पक्का आहे, वर्षानुवर्षं चालतो. विंडोजसाठी क्लोव्हर हा बूटलोडर पेन ड्राइव्हवर टाकून त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर ठेवता येतो. विंडोजचा सेटअपही क्लोव्हरमधूनच सुरू करायचा, म्हणजे तो यूईएफआय मोडमध्ये चालतो. तो पेन ड्राइव्ह मशीनला कायम लागलेला हवा. त्याची एक प्रत करून मशीनच्या आतच चिकटवून ठेवा, कारण शाळेत किंवा दुकानात कोणीतरी तो 'रिकामा दिसतोय' म्हणून उचलतोच.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डिस्क खट-खट किंवा खर-खर वाजते आणि तिच्यावरचा डेटा दुसरीकडे कुठेच नाही: मशीन लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका, चेकडिस्क चालवू नका. प्रत्येक फेरीत हेड चकतीवर घासून उरलेला डेटाही जाऊ शकतो. हे काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं आहे, साध्या दुरुस्तीच्या दुकानाचंही नाही.

एच६१ च्या बायोसमध्ये एनव्हीएमईचा भाग घालून तो परत चढवता येतो. इंटरनेटवर त्याच्या कृती भरपूर आहेत. ज्याच्याकडे बायोसची चिप बाहेरून लिहिणारा प्रोग्रामर नाही त्याने हे करू नये. लिहिताना चूक झाली किंवा वीज गेली तर बोर्ड सुरूच होत नाही. कंपनीचा अधिकृत बायोस अपडेटसुद्धा यूपीएसवरच करायचा.

दोन डिस्कचं खरं रेड, जळका वास, फुगलेले कपॅसिटर, बोर्डवरून निखळलेला सॅटा पोर्ट, ऑफिसच्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे पण की नाही: यातल्या कशालाही घरी हात लावू नये. बिटलॉकरची की ऑफिसच्या आयटी विभागाकडे मागा, बाजारात कोणी ती काढून देणार नाही.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना बोर्डचं मॉडेल, बायोसची आवृत्ती, डिस्कच्या लेबलचा फोटो आणि पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो न्या. डिस्क बायोसला दिसते का, सेटअपला दिसते का, हे पहिल्या वाक्यात सांगा. 'फॉरमॅट मारून बघू' असं उत्तर आलं तर आधी सेल आणि सॅटा मोड तपासायला सांगा.